पोलादाचे चिलखत

पावसाळ्यात अंगणात एखादा खिळा पडून राहिला, की चार दिवसांतच त्याचे रूप पालटते. त्याची करडी चकाकी जाते आणि अंगावर तांबूस पूड दिसू लागते. बोटाने चोळली असता ती पूड निघून येते व आतला खिळा पुन्हा पूर्वीसारखा दिसतो. परंतु पुढची सर येऊन गेली की तीच पूड पुन्हा जमते. असे वारंवार होत गेले म्हणजे खिळा झिजत जातो आणि एके दिवशी हातात घेताच मोडतो. यालाच आपण गंज म्हणतो.

खिळा गेला तर फारसे काही बिघडत नाही. पण हाच गंज जर एखाद्या पुलाला लागला, आणि तो पूल जर त्रेपन्न हजार टन पोलादाचा असून त्यावरून दिवसरात्र आगगाड्या धावत असल्या, तर काय करावे? स्कॉटलंडमधील लोकांपुढे हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे उभा होता.

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा हिच्या पश्चिमेस फोर्थ नदी समुद्राला मिळते. तेथे तिची खाडी बरीच रुंद व खोल आहे. या खाडीवरचा रेल्वेचा पूल १८८२ मध्ये बांधावयास घेतला आणि तो ४ मार्च १८९० रोजी वाहतुकीस खुला झाला. सर जॉन फाउलर व बेंजामिन बेकर या दोघा इंजिनियरांनी त्याचा आराखडा केला होता. त्यापूर्वी थोड्याच वर्षांमागे, २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री, स्कॉटलंडमध्येच टे नदीवरील रेल्वेचा पूल वादळात कोसळला होता आणि त्यावरून जाणारी गाडी सर्व उतारूंसह पाण्यात बुडाली होती. तो अपघात गंजामुळे झाला नव्हता. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा विचार न करता पूल बांधला गेला होता आणि त्याचे काही भाग कच्चे होते. पण त्या रात्रीची धास्ती लोकांच्या मनातून जाईना. म्हणून फोर्थचा पूल असा बांधला, की त्याच्याकडे पाहताच त्याच्या बळकटपणाची खात्री पटावी. त्याचे तीन प्रचंड मनोरे पाण्यापासून सुमारे ११० मीटर उंच आहेत आणि मधल्या दोन गाळ्यांपैकी प्रत्येक गाळा ५२१ मीटर लांबीचा आहे. पुलाचे तुकडे जोडण्यासाठी सुमारे ६५ लाख रिव्हेट ठोकलेले आहेत.

बळकटपणा मिळाला खरा, पण त्यासोबत एक अडचणही आली. एवढ्या मोठ्या सांगाड्यात कोपरे, सांधे, कडा व पोकळ्या यांची गणती नाही. प्रत्येक सांध्यात पाणी साचते, प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याखाली ओल टिकते. त्यात खाडीवरून येणारा वारा खारा आणि धुकेही वारंवार. गंजाला याहून अधिक सोयीची जागा कोठे सापडणार?

गंज चढतो म्हणजे नेमके काय होते, हे येथे पाहिले पाहिजे. लोखंड खाणीतून लोखंड म्हणून निघत नाही. ते तेथे प्राणवायूशी संयोग पावलेले, तांबूस मातीसारखे असते. भट्टीत मोठी उष्णता देऊन मनुष्य त्याला प्राणवायूपासून वेगळे करतो. पण लोखंडाचा ओढा पूर्वस्थितीकडेच असतो. हवा आणि पाणी ही दोन्ही मिळाली, की ते पुन्हा प्राणवायूशी संयोग पावू लागते. यांतले एक नसेल तर गंज चढत नाही. अगदी कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षे टिकते. उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर देऊन ठेवलेला खिळाही बराच काळ स्वच्छ राहतो. पोलाद म्हणजे थोडा कर्ब मिसळलेले लोखंडच, तेव्हा त्याचीही तीच गत. पाण्यात मीठ मिसळले असले तर हे काम फारच झपाट्याने होते. गंजताना धातूच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह वाहत असतो, आणि खाऱ्या पाण्यातून तो सहज वाहू शकतो. कोकणात समुद्रकाठच्या घरांच्या खिडक्यांचे गज देशावरच्या गजांपेक्षा लवकर खंगतात, ते यामुळेच.

ॲल्युमिनियमवरही हवेतील प्राणवायूचा परिणाम होतो. पण त्याच्या पृष्ठभागावर जो पातळ थर बसतो तो घट्ट चिकटून राहतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचे नशीब तसे नाही. गंज भुसभुशीत असतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्या पापुद्र्यांत पाणी धरून राहते. म्हणजे गंज हे लोखंडाचे पांघरूण नव्हे. ती त्याच्या अंगावर सदैव लपेटलेली ओली गोधडी होय.

यावर जुना उपाय म्हणजे तेलाचा रंग. फोर्थच्या पुलावर आरंभी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून केलेले रंग लावीत. शेंदूर म्हणजे शिसे व प्राणवायू यांचा संयुक्त पदार्थ. तो गंजाला चांगला आवर घालतो. त्यावर तांबड्या रंगाचे पुट देत. या तांबड्या रंगातील पूड कशाची होती, हे ऐकून नवल वाटेल. ती लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाचीच होती. आपल्याकडे घरांच्या भिंतींना गेरू लावतात, त्याच जातीची. जो पदार्थ गंजरूपाने पोलाद खातो, जवळजवळ त्याचाच भाऊबंद तेलात कालवून पोलादाच्या रक्षणाला उभा केला होता! पुलाचा तो गडद तांबडा रंग पुढे इतका प्रसिद्ध झाला, की आजही नवा रंग तयार करताना तीच छटा राखतात.

पण तेलाच्या रंगाला मर्यादा असतात. तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि ही क्रिया वर्षानुवर्षे चालूच राहते. त्यामुळे थर कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी आत शिरते. म्हणून पूल उघडल्यापासून रंगाऱ्यांची एक तुकडी तेथे कायमची ठेवावी लागली. ऊन असो वा बोचरा वारा असो, ही माणसे खाडीच्या पाण्यावर उंच, अरुंद फळ्यांवर उभी राहून खरवडीत आणि रंगवीत असत. लोक म्हणत, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग देऊन होतो न होतो तोच पहिले टोक पुन्हा रंगवायला येते. वास्तविक रंगारी जेथे अधिक खराबी झाली असेल तेथे आधी जात. परंतु काम संपत नसे एवढे मात्र खरे. त्यावरून इंग्रजी भाषेत न संपणाऱ्या कामाला ‘फोर्थचा पूल रंगविणे’ असा वाक्प्रचारच रूढ झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुलावर गंजाचे पट्टे दुरूनही दिसू लागले. शंभर वर्षांची रंगाची पुटे एकावर एक चढली होती. वरचे पुट ताजे असले तरी त्याच्या खाली जुने भेगाळलेले आणि त्याच्याही खाली कोठे कोठे गंज, अशी स्थिती झाली होती. अशा पृष्ठभागावर आणखी एक पुट देणे म्हणजे पडक्या भिंतीला पुन्हा चुना लावण्यासारखेच होते. अखेरीस सर्व जुना रंग काढून पोलाद अगदी उघडे करावयाचे आणि त्यावर नव्या प्रकारचा लेप द्यावयाचा असे ठरले. हे काम २००२ मध्ये सुरू झाले.

हा नवा लेप प्रथम फोर्थसाठी तयार झालेला नव्हता. उत्तर समुद्रात तेल काढण्यासाठी जे पोलादी चौथरे उभारलेले आहेत, त्यांना लाटांचा मारा अहोरात्र सोसावा लागतो. त्यांच्यासाठी जे लेप वापरीत, त्यांच्यावरून पुलाचा लेप घेतला. त्याचा मुख्य घटक इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ हा होय.

या राळेचा उगम मोठा गमतीचा आहे. पियेर कास्तां हे स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञ १९३० नंतरच्या दशकात कृत्रिम दातांच्या कवळीसाठी चांगला पदार्थ शोधीत होते. त्या शोधात त्यांना ही राळ गवसली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे रंग व लेप यांच्या दृष्टीने अशाच राळेचा अभ्यास करीत होते. कवळीसाठी ती फारशी चालली नाही. पण १९४६ मध्ये ‘ॲरल्डाइट’ या नावाने ती चिकटद्रव्य म्हणून बाजारात आली. तुटलेली वस्तू सांधण्यासाठी घरात आणलेली त्याची जोडनळी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यात दोन नळ्या असतात. एकीत राळ आणि दुसरीत हार्डनर, म्हणजे घट्ट करणारे द्रव्य. एकेकटी नळी उघडून ठेवली तर आतले द्रव्य पुष्कळ दिवस पातळच राहते. दोन्ही एकत्र कालवली की काही वेळात दगडासारखी होतात.

हे कसे घडते? राळेचा प्रत्येक रेणू एखाद्या लांबट साखळीसारखा असून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लहान कडे असते. कर्बाचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक, एवढ्या तिघांचेच ते कडे बनलेले असते. तिघांनाच मिळून वळसा पुरा करावा लागत असल्यामुळे ते जबरदस्तीने वाकविलेल्या वेताच्या कांबीप्रमाणे ताणलेले असते आणि उघडण्याची जणू वाटच पाहत असते. हार्डनरच्या रेणूत नत्रवायूचे अणू असतात. ते या कड्याला भिडले, की कडे उघडते आणि राळेचे टोक नत्राच्या अणूला पक्के जोडले जाते. हार्डनरच्या एका रेणूला राळेची अनेक टोके धरता येतात. पाहता पाहता सुट्या साखळ्यांचे सर्व दिशांनी गुंफलेले एक जाळे बनते. कोळ्याचे जाळे पाण्यातून मासे धरते. हे जाळे इतके दाट असते, की पाण्यालाही त्यातून वाट काढणे कठीण जाते. तेलाचा रंग हवेतून प्राणवायू घेऊन आळतो. इपॉक्सीला हवेकडून काहीच घ्यावे लागत नाही. तिचा थर वाळत नाही, तर आपल्या आपणच जुळून घट्ट होतो.

म्हणूनच दोन द्रव्यांचे प्रमाण बिघडवून चालत नाही. हार्डनर थोडे अधिक घातले तर लेप लवकर व चांगला घट्ट होईल, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अधिक घातलेल्या हार्डनरला धरावयास राळेची टोके उरत नाहीत. ते जाळ्यात तसेच सुटे अडकून बसते आणि लेप मऊ व कच्चा राहतो. कमी घातले तर राळेची टोके रिकामी राहतात. डब्यावर जे प्रमाण छापलेले असते, ते कड्यांच्या व नत्राच्या हिशोबाने ठरविलेले असते. शिवाय कालविल्यावर द्रव्य ठराविक वेळातच वापरावे लागते. मिश्रण होताना उष्णता निर्माण होते. पातळ थरातून ती निघून जाते; पण बादलीभर मिश्रण एकत्र राहिले तर ती आतच कोंडते, मिश्रण तापते आणि कुंचला बुडविण्यापूर्वीच बादलीत दगड होऊन बसते. आपल्याकडील उन्हाळ्यात तर हे आणखी लवकर होते. थंड देशात याच्या उलट अडचण येते. तेथे कडाक्याच्या थंडीत रेणूंची जुळणी अगदी मंदावते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. इतका चांगला लेप गंजलेल्या पोलादावर तसाच थापला तर काय होईल? कल्हईवाल्याचे काम ज्याने पाहिले आहे त्याला याचे उत्तर सांगावे लागणार नाही. कल्हईवाला भांडे घेतो आणि कथील लावण्याआधी ते घासतो, तापवितो, त्यावर नवसागर फिरवितो. भांड्याचा धातू अगदी स्वच्छ उघडा झाल्यावरच कथिलाचा तुकडा टेकवितो. त्याने घाई केली तर त्या जागी कल्हई धरतच नाही. पोलादाच्या लेपाचेही तसेच आहे. सुटा गंज म्हणजे हलती जमीन. लेप त्याला चिकटतो, पोलादाला नाही. मग गंजाचा पापुद्रा सुटला की लेपही त्यासह सुटतो. गंजाच्या खड्ड्यांत मिठाचे कण दडलेले असले तर ते आणखी दगा देतात. मीठ बाहेरची ओल लेपातून हळूहळू आत ओढून घेते आणि लेपाखाली पाण्याचे फोड येतात. वरून पाहणाराला लेप अखंड दिसतो. आत मात्र गंजाचे काम निर्धास्त चालू असते.

यासाठीच फोर्थच्या पुलावर लेप देण्यापेक्षा त्याची पूर्वतयारी करण्यातच अधिक कष्ट पडले. पुलाच्या एकेका भागाभोवती परांची बांधून तो भाग मोठ्या कापडांनी सर्व बाजूंनी झाकून घेत. याची दोन कारणे होती. जुन्या रंगात शिसे होते आणि शिसे विषारी असते. त्याची धूळ खाडीत अथवा वस्तीवर जाऊ देणे योग्य नव्हते. दुसरे कारण म्हणजे वारा व पाऊस आत येऊ नये. मग त्या झाकलेल्या जागेत, तोंडावर मुखवटे चढविलेले कामगार दाबलेल्या हवेच्या झोताने कठीण, धारदार कण पोलादावर मारीत. त्या माऱ्याने शंभर वर्षांची पुटे उडून जात आणि पोलाद करडे, किंचित खरखरीत दिसू लागे. ही खरखर मुद्दाम राखतात, कारण तिच्या सूक्ष्म खाचांत लेपाची मुळे रुजतात. बाजूलाच रुळांवरून गाड्या चालू होत्या; पूल काही या कामासाठी बंद ठेवता येण्याजोगा नव्हता.

उघडे पोलाद फार वेळ तसे ठेवता येत नाही. दमट हवेत काही तासांतच त्यावर पिवळसर झाक चढते. म्हणून लगेच पहिले पुट देतात. ते जस्तयुक्त असते. जस्त लोखंडापेक्षा प्राणवायूशी अधिक तत्परतेने संयोग पावते; म्हणून कोठे ओरखडा पडून ओल आत शिरलीच, तर जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. जस्ती पत्र्याचे व जस्ती बादलीचे रहस्यही हेच. दुसरे पुट इपॉक्सीचे. त्यात काचेचे अतिशय पातळ पापुद्रे मिसळलेले असतात. कौलारू छपरावर कौले जशी एकावर एक चढवून बसवितात, तसे हे पापुद्रे थरात आडवे पसरतात. एखादा पाण्याचा कण जाळ्यातून शिरलाच, तरी त्याला सरळ खाली जाता येत नाही. प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालीत घालीत जावे लागते. तिसरे पुट पॉलियुरेथेन नावाच्या द्रव्याचे. ते देण्याचे कारण म्हणजे इपॉक्सीचे एक वैगुण्य: तिला ऊन सोसत नाही. उन्हात तिचा पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होऊन त्याची भुकटी निघू लागते. वरचे पुट तिच्यावर छत्री धरते आणि पुलाला त्याचा तांबडा रंगही देते.

या तिन्ही पुटांची जाडी मोजली तर आश्चर्य वाटेल. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील सुमारे ३५ भाग जस्ताच्या पुटाचे, ४०० भाग काचमिश्रित इपॉक्सीचे आणि ३५ भाग वरच्या रंगाचे. सर्व मिळून अर्धा मिलिमीटरही नाही! वहीची चारपाच पाने एकत्र धरली तर जेवढी जाडी होईल, तेवढेच हे चिलखत. तेही सर्वत्र सारखे बसत नाही. धारदार कडेवरून ओला लेप दोन्ही बाजूंना ओढला जातो व कडेवर पातळ राहतो. म्हणून कडा, सांधे व रिव्हेटची डोकी यांना कुंचल्याने एक जादा हात द्यावा लागतो. लेप देण्यापूर्वी पोलादावर दव तर नाही ना, हेही तपासतात. नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही. हवेतील ओल ज्या तापमानाला दव होऊन बसते, त्यापेक्षा पोलाद निदान तीन अंश तरी उबदार असावे, असा या कामातला नियम आहे.

गावातल्या फाटकासाठी किंवा विहिरीवरच्या लोखंडी पाळण्यासाठी अशी परांची आणि असा हवेचा झोत कोण आणणार? अशा ठिकाणी हातानेच घासून दिलेल्या पोलादावरही धरेल, असा वेगळा इपॉक्सी लेप मिळतो. तो काही काळ ओलसर राहून घट्ट बसलेल्या गंजाच्या फटींत झिरपतो आणि त्याला बांधून टाकतो. पण सुटा गंज हातोडीने व तारेच्या ब्रशाने काढावाच लागतो, खारेपणा गोड्या पाण्याने धुवावा लागतो आणि पोलाद पुरते कोरडे होऊ द्यावे लागते. एवढे करूनही हा लेप झोताने साफ केलेल्या पोलादावरील लेपाइतका टिकत नाही. हार्डनर अंगाला लागल्यास कातडीवर पुरळ उठते. तेव्हा हे काम मोठ्या माणसांनी हातमोजे घालूनच करावयाचे असते.

फोर्थवरील काम डिसेंबर २०११ मध्ये पुरे झाले. दोन लाख चौरस मीटरांहून अधिक पृष्ठभाग, म्हणजे सुमारे पन्नास एकर शेताएवढी जागा, उघडी करून पुन्हा झाकली गेली. त्यासाठी सुमारे १३ कोटी पौंड खर्च आला. नवे चिलखत निदान वीस-पंचवीस वर्षे, कदाचित त्याहूनही पुष्कळ अधिक टिकेल असा इंजिनियरांचा अंदाज होता. २०१५ मध्ये या पुलाची गणना जागतिक वारसास्थळांत झाली.

पुलाची तपासणी मात्र थांबलेली नाही. दोरांना लोंबकळत माणसे अजूनही त्याच्या सांध्यांतून हिंडतात आणि कोठे ओरखडा किंवा फोड दिसला तर तेवढी जागा दुरुस्त करतात. कायमची तुकडी ठेवून अखंड रंगवीत राहण्याचा तो जुना प्रघात आता उरलेला नाही. इंग्रजी बोलणारे लोक मात्र न संपणाऱ्या कामाला अजूनही ‘फोर्थचा पूल रंगविणे’ असेच म्हणतात.